पिवळ्या पट्टीच्या अलीकडे

ब्रिस्टलच्या चढावरच्या इमारतीत, दोन मजले खाली,
जिथे बाहेर नोव्हेंबर आहे की मे, काही कळत नाही,
मी शिशाची एक तार हेलियमात सोडते.

तार विकतची नाही.
हेझल टकेटच्या वडलांनी बेडमिन्स्टरच्या एका चर्चचे
छपराचे पत्रे बदलले, एकसष्ट साली.
त्यातून उरलेला एक तुकडा
पुढे तिच्या स्वयंपाकघराचं दार अडवून पडलेला असे.
तिनेच तो आणला, त्याचा कोपरा कापून तार ओढली,
म्हणाली, यानं जन्मात पाऊस अडवला नाही.
बघू, तुझी वीज अडवतो का.

सात पूर्णांक दोन केल्विनला अडवणं थांबतं.
आकडा उतरत नाही, पडतो.
शून्य.
शाळेत आम्ही याला भोपळा म्हणायचो,
मिळाला की पेपर दप्तराच्या तळाशी.
इथे भोपळा मिळाला की मी दाराकडे पळते,
कारण हेझल दारात उभी असते,
जमिनीवरच्या पिवळ्या पट्टीच्या पलीकडे.

मार्चमध्ये तिच्या छातीत पेसमेकर बसवला.
या क्रायोस्टॅटचा एकेक सांधा तिच्या हातचा,
कुठल्या बोल्टला किती पीळ द्यायचा हे फक्त तिला माहीत,
आणि आता पट्टीच्या आत यायचं नाही.
हा चुंबक नऊ टेस्लापर्यंत जातो. आज तर चिमूटभरच हवाय.
तरी नियम तो नियम, असं तीच म्हणते, मी नाही.

वीस, ती ओरडते.
मी वीस मिलिटेस्ला लावते.
आता भोपळ्यासाठी सहा पूर्णांक दोनपर्यंत उतरावं लागतं.
चाळीस.
पाच पूर्णांक एक.
साठ.
तीन पूर्णांक सहा, मूळच्या बरोबर निम्मं.

मला आधी वाटायचं, आत इलेक्ट्रॉनांची फुगडी चालू आहे,
दोघी दोघी, हात गुंतलेले, मागे कललेल्या,
एकमेकींच्या वजनावरच उभ्या,
आणि चुंबक येऊन ते हात सोडवू बघतो.
नाही. शिशाचं तसं नाही.
शिसं चुंबकाला घरात घेतच नाही,
दार लावून, पाठ टेकवून बसतं.
पण दार धरून ठेवायलाही बळ लागतं
आणि ते बळ काढायचं गारव्यातूनच.
बाहेरची रेटारेटी वाढली
की आणखी थंड व्हायचं, आणखी,
एवढाच उपाय.

ऐंशी, म्हणते हेझल, या वेळी हळू.
मी पंप पूर्ण उघडते. एक पूर्णांक चार.
रोध आहे तिथेच आहे.
आता कितीही गार करा, दार उघडं पडलं ते पडलंच.

मग मी चुंबक बंद करते.
आकडा पडतो. शून्य. तिथल्या तिथे,
जसं काही घडलंच नव्हतं.
शिसं डूख धरत नाही.

बरंय त्याचं, ती म्हणते.

एकेचाळीस वर्षं ती दाराशी घड्याळ काढून
बिस्किटांच्या डब्यात ठेवायची,
माझ्या केसांच्या पिना, सगळ्यांची बँकेची कार्डं त्याच डब्यात.
आता घड्याळ मनगटावरच असतं.
दर थोड्या वेळानं तिचा हात त्याच्या बकलाकडे जातो
आणि परत येतो.

कागदावर पाच ठिपके. रेघ आधी जवळजवळ सपाट,
मग पार्क स्ट्रीटसारखी एकदम बंदराकडे.
हेझल ती दारातूनच बघते, चष्मा कपाळावर चढवून,
आणि सांगते की तिसरा ठिपका जरा वर गेलाय.
गेलाय खरा.

दुसऱ्या दिवशी तार पुरती निवळल्यावर
मी ती पट्टीबाहेर नेऊन तिच्या हातात देते.
ती बोटाभोवती गुंडाळते, मऊ आहे, सहज वळते.
उद्या कथील, म्हणते.
उरलेला तुकडा मात्र पिशवीत घालते, घरी न्यायला.
गेले दोन आठवडे दार आपटतंय, म्हणाली.